रोस्टरच्या नावावर

"वहिनी, तुमचे मिस्टर म्हणजे आमच्या स्केड्युलिंगसाठी देवमाणूस," सावंत म्हणाला आणि त्याने पोह्यांचा पुढचा चमचा तोंडात टाकला.

रविवारची सकाळ होती. आमच्या विमान कंपनीत पायलटांच्या ड्युट्या लावणारा सावंत मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला बोरिवलीहून आमच्या मुलुंडच्या घरी आला होता. माझी बायको वंदना त्याच्या समोर बसली होती. मी बाजूच्या खुर्चीतून त्याला डोळ्यांनी खुणा करत होतो, की बाबा, विषय बदल. पण सावंत पोह्यांत आणि कौतुकात रमला होता.

"म्हणजे कसं?" वंदनाने विचारलं.

"म्हणजे बघा, ऑफच्या दिवशी पायलटला फोन लावला की कुणी उचलत नाही. ह्यांचं उलट. हे स्वतः फोन करायचे. सावंत, उद्या कुठे माणूस कमी पडतोय का, मी येतो."

"स्वतः?"

"हो तर. दिवाळी नाही बघितली, गणपती नाही बघितले. किती पोरांच्या ड्युट्या ह्यांनी घेतल्या. आणि ती फिक्स्ड ऑफची स्कीम आली ना, तेव्हा अर्जांची नुसती रांग लागली होती. ज्यांची मुलं लहान त्यांना पहिला चान्स. ह्यांना तर आरामात मिळाली असती. अर्जच केला नाही. मला म्हणाले, दुसऱ्या कुणाला जास्त गरज असेल."

वंदनाने कप खाली ठेवला. "कधी आली होती ती स्कीम?"

"झाली की चार वर्षं. मार्चमध्ये आली."

"मार्च," वंदना म्हणाली. मग उठली. "पोहे घ्या ना अजून. मी चहा आणते."

ती आत गेली. सावंत माझ्याकडे बघून हसला. मीही हसलो. मला तो मार्च माहीत होता आणि तिलाही. फक्त तिच्या मार्चमध्ये ती स्कीम नव्हती.

आता थोडं कामाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मी पायलट आहे, पण लोकांच्या डोळ्यांसमोर येतो तसला नाही. दुबई, लंडन, तीन दिवस हॉटेल, यातलं काही नाही. सतरा वर्षं मी सत्तर सीटचं, दोन पंख्यांचं विमान उडवतोय. त्याला टर्बोप्रॉप म्हणतात. लहान गावांच्या लहान रनवेवर उतरतं. कोल्हापूर, बेळगाव, जळगाव, भुज, दीव. जेटवाले आम्हाला 'पंखेवाले' म्हणतात. अंधेरीच्या कॅन्टीनमध्ये एकाने मला विचारलंही होतं, "काय रे, आज रेग्युलेटर कितीवर ठेवलास?"

दिवसाला चार सेक्टर. सेक्टर म्हणजे एकदा उडणं आणि एकदा उतरणं. पहाटे गाडी न्यायला येते आणि सगळं सुरळीत असेल तर दुपारी दोनला मी घरी जेवायला असतो. हे सुख जेटवाल्यांच्या वाट्याला फार येत नाही.

महिना संपायच्या आत पुढच्या महिन्याचं रोस्टर येतं. कुठल्या दिवशी कुठे, आणि कुठल्या दिवशी ऑफ. आमच्या घरी ते फ्रिजवर चिकटवलेलं असायचं. सई, आमची मुलगी, पाच वर्षांची असल्यापासून ऑफचे चौकोन हिरव्या स्केचपेनने रंगवायची. घरातली सगळी कामं त्या हिरव्यावर बेतलेली असत. सईच्या दातांचा डॉक्टर, वंदनाची रजा, गाडीचं सर्व्हिसिंग.

आणि रोस्टर बदलतं. धुकं पडतं, कुणी आजारी पडतं, एखादं विमान दुरुस्तीला जातं. मग स्केड्युलिंगमधून, म्हणजे सावंतच्या खात्यातून, फोन येतो. घरच्यांना एवढंच दिसतं की फोन आला आणि माणूस बॅग उचलून गेला. पायलटच्या घरात रोस्टरशी कुणी भांडत नाही. भांडायला त्याला तोंड कुठे असतं?

"बाबा, आज हिरवा आहे ना?" सई दारात उभी राहून विचारायची.

"कंपनीने बोलावलंय गं. रोस्टर बदललं."

खरं सांगायचं तर त्यातले निम्मे फोन मी केलेले होते.

याला कारण होतं. माझी पहिली कंपनी बंद पडली तेव्हा मी को-पायलट होतो. त्यानंतर दोन वर्षं घरी बसून होतो. तेव्हा आम्ही घाटकोपरला राहायचो, आईवडिलांकडे. ते घर बरोबर उतरणाऱ्या विमानांच्या खाली. दर दोन-तीन मिनिटांनी एक विमान डोक्यावरून जायचं आणि त्यात माझा कुणी ना कुणी बॅचमेट असायचा. वडील गिरणीतून लवकर बाहेर पडलेले. हातचं काम जाणं म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं. विमान आलं की टीव्हीचा आवाज तेवढा वाढवायचे.

मग ही नोकरी लागली. कॅप्टन उशिरा झालो. बॅचमेट तोवर जेटवर कमांड करत होते. कमांड म्हणजे डाव्या सीटवर बसून, विमानाची सगळी जबाबदारी स्वतःच्या नावावर घेऊन उडणं. मोठ्या कंपन्या माणूस घेताना हे कमांडचे तास बघतात. मला ते भराभर हवे होते. नियमाने किती उडायचं याला मर्यादा असते, सक्तीची विश्रांती असते. ती मी कधी मोडली नाही. पण मर्यादेच्या आत जेवढी जागा होती तेवढी मी भरून काढत होतो.

हे अर्धंच कारण झालं. उरलेलं अर्धं असं, की मला बरं वाटायचं तिथे. सकाळी दीवला उतरताना एका बाजूला समुद्र इतका जवळ यायचा की प्रवासी आपोआप गप्प व्हायचे. जळगावला उन्हाळ्यात दार उघडलं की भट्टीसमोर उभं राहिल्यासारखं व्हायचं. तिथला एक लोडर मला दर वेळी विचारायचा, "साहेब, पंखा हाये तरी गरम होतंय?" कोल्हापूरला एका आजींनी उतरताना माझ्या हातात चिवड्याची पुडी ठेवली होती आणि सांगितलं होतं, हळू चालवत जा. घरी सईची सर्दी, सासूबाईंची औषधं, सोसायटीची पाण्याची बोंब. तिथून निघून जायला मला युनिफॉर्म होता. वंदनाला नव्हता.

एक गोष्ट अजून आठवते. को-पायलट उजवीकडे बसतो. मुंबईत बहुतेक वेळा आपण पूर्वेकडून येऊन पश्चिमेकडे तोंड करून उतरतो. तेव्हा उजव्या खिडकीत मुलुंडचे डोंगर आणि थोडं पुढे पवईचा तलाव दिसतो. आम्ही मुलुंडला घर घेतलं त्या वर्षी मी को-पायलट होतो. रोज उतरताना मनातल्या मनात आमची बिल्डिंग शोधायचो. दिसायची नाही, पण कुठे असेल ते कळायचं. कॅप्टन झालो आणि डावीकडे आलो. घर को-पायलटच्या खिडकीत राहिलं. त्या वेळी मला ते जाणवलंसुद्धा नव्हतं.

तर चार वर्षांपूर्वीचा तो मार्च.

वंदना एका सरकारी बँकेत आहे, मुलुंडच्या शाखेत. तेव्हा तिने प्रमोशनची परीक्षा दिली होती, इंटरव्ह्यू झाला होता, आणि त्याच महिन्यात ऑर्डर आली. पद वरचं, शाखा कोल्हापूरची. तीन वर्षं तरी राहावं लागलं असतं. सई नऊ वर्षांची होती.

"तू सांग," वंदना म्हणाली होती. "तुझे ऑफ जरा ठरलेले असते तर जमलं असतं. माझी आई येऊन राहील, आठवड्यातले तीन दिवस तू घरी. नाही का?"

त्याच आठवड्यात कंपनीचं सर्क्युलर माझ्या मेलमध्ये पडलेलं होतं. फिक्स्ड ऑफ. म्हणजे ज्यांची मुलं लहान आहेत त्यांनी अर्ज करायचा, दर आठवड्याचे ठरावीक दिवस सुट्टी, त्या दिवशी कंपनी फोन करणार नाही. तास अर्थातच कमी. पगारही त्या मानाने.

मी म्हणालो, "रोस्टर माझ्या हातात असतं तर प्रश्नच नव्हता."

तिने नकाराचं पत्र डायनिंग टेबलावर बसून लिहिलं. कारण, घरगुती अडचणी. मला वाचायला दिलं. मी त्यातला एक स्वल्पविराम सुधारून दिला.

आणि कोल्हापूरला मी आठवड्यातून चार वेळा उतरत होतो.

प्रमोशन नाकारलं की बँकेत काही वर्षं पुन्हा परीक्षेला बसता येत नाही. ती वर्षं आता संपली होती. या वर्षीचा फॉर्म भरायची शेवटची तारीख बुधवार होती. आणि माझ्या मेलमध्ये एका मोठ्या जेट कंपनीचं ऑफर लेटर होतं. बेस दिल्ली, म्हणजे राहायचं तिथे. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. सुरुवातीला पुन्हा उजव्या सीटवर बसायचं, मग केव्हातरी कमांड. वयाच्या शेहेचाळीसाव्या वर्षी.

वंदनाला मी ऑफरचं सांगितलं होतं. पण सोबत अजून एक वाक्य जोडलं होतं. "आमचा मुंबई बेस बंद होतोय, त्यामुळे इथे राहूनही उपयोग नाही." ती बरं म्हणाली होती. सईसाठी दिल्लीतल्या शाळा शोधायला लागली होती.

असं सगळं असताना सावंत पोहे खाऊन गेला.

त्याला लिफ्टपर्यंत सोडायला गेलो. बटण दाबून तो घुटमळला. सावंत वेंगुर्ल्याचा. आतलं बोलायचं झालं की मालवणीत शिरतो. माझंही गाव तिकडचंच.

"सर, माझा काय चुकला? वहिनींचा तोंड उतारला."

"नाय रे. तू खरा ता सांगलंस."

"मग?"

"ताच तर."

लिफ्ट आली. तो आत गेला आणि दार बंद होईपर्यंत माझ्याकडे बघत राहिला.

घरात आलो तर वंदना डायनिंग टेबलाशी बसली होती. समोर बॉक्स फाइल. सगळी जुनी रोस्टरं तिने लावून ठेवलेली होती, महिन्यावार. बँकेतली बाई, कागद टाकत नाही. सई बॅडमिंटनच्या क्लासला गेली होती.

"लॉगबुक आण," ती म्हणाली.

लॉगबुक म्हणजे पायलटची वही. प्रत्येक उड्डाण त्यात लिहावं लागतं. तारीख, विमानाचा नंबर, कुठून कुठे, किती वेळ, कमांडमध्ये कोण. त्यात खोटं लिहिलं तर लायसन्स जातं. सतरा वर्षांत माझ्या लॉगबुकात एक खोटं मिनिट नाही. हे मी नव्या पोरांना अभिमानाने सांगत आलो होतो.

रोस्टर म्हणजे ठरलेलं. लॉगबुक म्हणजे घडलेलं. वंदनाने दोन्ही शेजारीशेजारी ठेवलं. रोस्टरवरचे हिरवे चौकोन अजून तसेच होते, कडांच्या थोडे बाहेर गेलेले. तिने चौकोनावर बोट ठेवायचं आणि मी लॉगबुकात ती तारीख काढायची. सुरुवात चार वर्षांपूर्वीच्या मार्चपासून.

"चौदा."

"कोल्हापूर, बेळगाव. चार सेक्टर."

"कुणी बोलावलं?"

लॉगबुकात सगळं असतं. ड्युटी कुणी मागितली याचा मात्र रकाना नसतो. ते तोंडाने सांगावं लागलं.

"मी मागितलं."

"एकवीस."

"हे खरंच बोलावलं होतं. विमान बिघडलं होतं, तिकडचा क्रू अडकला होता."

"अठ्ठावीस."

"मी."

"अठ्ठावीस मार्च," ती म्हणाली. "सईला एकशे तीन ताप होता. बँकेत क्लोजिंग चाललेलं. मी कामं टेबलावर टाकून घरी आले. मॅनेजर सगळ्यांसमोर काय बोलला, माहितीये तुला?"

"नाही."

"विचारलंही नव्हतंस."

"नाही."

असे आम्ही तीन महिने काढले. चौथ्याला तिने फाइल बाजूला केली.

"तास हवे होते, ते कळलं," ती म्हणाली. "ते मी विचारत नाही. मला सांगितलं का नाहीस? मी काय नाही म्हणाले असते?"

"नसतीस म्हणाली."

"मग?"

मी लॉगबुक मिटलं. मी तसा कमी बोलणारा माणूस. लोक त्याला शांत स्वभाव म्हणतात. वंदनाही म्हणायची.

"तू हो म्हणाली असतीस तर तुझे उपकार झाले असते," मी म्हणालो. "रोस्टरचे उपकार होत नाहीत."

तिने मान डोलावली, बँकेत एखादी एन्ट्री जुळली की डोलावते तशी. मग तिने तो प्रश्न विचारला, जो येणार हे मला लिफ्टपाशीच कळलं होतं.

"आणि बेस बंद होतोय, ते?"

"नाही होत."

आत कुकरची शिट्टी झाली. ती उठली नाही. दुसरी झाली तेव्हा मी उठून गॅस बंद केला. परत आलो तर ती हसत होती, पण माझ्याकडे बघून नाही.

"मी फॉर्म भरणार नव्हते," ती म्हणाली. "म्हटलं दिल्लीलाच जायचंय तर कशाला."

"मी ऑफर सोडतो," मी म्हणालो. "फिक्स्ड ऑफला अर्ज करतो. स्कीम अजून चालू आहे, आता सगळ्यांसाठी."

"कशासाठी?"

"तुझ्यासाठी."

"नको रे बाबा." हे तिने इतक्या पटकन म्हटलं की मी दचकलो. "माझ्यासाठी काही सोडू नकोस. उद्या आकाशात जेट दिसलं की तुझं तोंड पडेल. सई विचारेल, बाबा, तू का नाही गेलास, तर सांगशील, आईचं प्रमोशन होतं. आजवर रोस्टरच्या नावावर टाकलंस, आता माझ्या नावावर टाकशील. जायचं तर जा, राहायचं तर राहा. पण जे करशील ते स्वतःच्या नावावर कर. मी बुधवारी फॉर्म भरतेय. तू इथे असशील हे धरून नाही भरत."

"आणि सई?"

"सईचं बघेन मी. चार वर्षांपूर्वीही बघितलं असतं. तेव्हा तुला धरून हिशेब केला, तो चुकला."

क्लासमधून सई आली. टेबलावर रोस्टरं बघून म्हणाली, "अय्या, हे अजून ठेवलंय? किती घाण रंगवायचे मी." आणि आंघोळीला गेली.

सोमवारी माझी कोल्हापूर होती. परत येताना वाशीची खाडी ओलांडली, रनवे समोर दिसायला लागला. दहा हजार फुटांच्या खाली कॉकपिटमध्ये कामाखेरीज बोलायचं नसतं. त्यामुळे शेजारच्या को-पायलटला, उजवीकडे काय दिसतंय रे, असं मी विचारू शकलो नाही.

उतरल्यावर, पंखे थांबल्यावर, मी सीटवर तसाच बसून राहिलो. मला जेट खरंच हवं होतं का? हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता, कारण त्याचं उत्तर ठरलेलं होतं. घाटकोपरच्या घरात दोन वर्षं डोक्यावरून गेलेल्या त्या सगळ्या विमानांना मला उत्तर द्यायचं होतं. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. टीव्हीचा आवाज वाढवणारं आता कुणी नव्हतं. दिल्लीला जाऊन मी नेमकं कुणाला दाखवणार होतो?

आणि पंखा मला आवडत होता, ही गोष्ट मी कुणासमोर कबूल केली नव्हती. पंखेवाल्याने जेटची इच्छा धरायची असते. न धरणारा हरलेला समजला जातो.

मंगळवारी मरोळला ऑफिसात गेलो. आमचे चीफ पायलट कॅप्टन परेरा. त्याच मरोळ गावठाणात जन्मलेले, एअरपोर्ट वाढताना बघितलेले. रिटायर व्हायला आलेत. माझ्या हातात कागद बघून त्यांनी चष्मा काढला.

"राजीनामा ना? दे. या वर्षातला सातवा तू."

"नाही सर. फिक्स्ड ऑफचा फॉर्म आहे."

"ऑफर आली म्हणून ऐकलं."

"सोडतोय."

त्यांनी चष्मा परत लावला, फॉर्म वाचला. "कारणाचा रकाना रिकामा ठेवलास."

"तिथेच अडलंय."

"त्यात काय अडायचं? फॅमिली रीझन्स लिही. सगळे तेच लिहितात. पटकन मंजूर होतं."

"फॅमिलीचं कारण नाही, सर. बायको म्हणाली, माझ्यासाठी सोडू नकोस."

"मग काय लिहिणार? पंखा आवडतो?"

"हो."

परेरा हसले नाहीत. "अरे माझ्या देवा," ते एवढंच म्हणाले. मग पेन माझ्याकडे सरकवलं. "एचआरवाल्यांना वाटेल तुझं डोकं फिरलं. मेडिकलला पाठवतील. लिही."

मी लिहिलं, स्वतःची इच्छा. हे विमान आणि घरी असण्याचे ठरलेले दिवस मला हवे आहेत. खाली सही केली. साधं वाक्य होतं. पण सही करताना मला पहिल्यांदा एकट्याने विमान उडवलं होतं त्या दिवसाची आठवण झाली. त्याही दिवशी शेजारची सीट रिकामी होती.

"एक सांगू?" मी निघताना परेरा म्हणाले. "तू ऑफवर स्वतःहून ड्युट्या मागतोस, हे मला माहीत होतं. मला वाटायचं, याचं घरी पटत नाही."

"पटत होतं, सर."

"मग तर तू जास्तच गाढव."

मी दार ओढून घेतलं.

एचआरने अर्ज परत पाठवला. शेरा होता, कारण अपुरं. परेरांनी त्याखाली स्वतःच्या हाताने लिहिलं की या माणसाला मी ओळखतो, कारण पुरेसं आहे, आणि अर्ज पुन्हा पाठवला. तीन आठवड्यांनी मंजूर झाला. शुक्रवार, शनिवार, रविवार ऑफ. त्याआधीच ऑफर लेटरला मी नकार कळवला होता. हे वंदनाला सांगितलं तेव्हा तिने एकच विचारलं, "कारण काय लिहिलंस?" मी सांगितलं. "बरं," ती म्हणाली. ती त्या आठवड्यात माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. पुढचे दोन महिनेही. सगळं सांगून टाकलं की समोरचा माणूस लगेच हलका होतो, अशी माझी समजूत होती. हलका मीच झालो होतो. तिच्यावर ओझं आत्ता आलं होतं. चार वर्षं तिला वाटत होतं की परिस्थिती तशी होती. आता तिला कळलं होतं की परिस्थिती नव्हती, मी होतो.

ती पास झाली. पोस्टिंग जळगावला आलं. मनासारखं नव्हतं, पण तिने एका दिवसात हो कळवलं. सईची शाळा मुलुंडलाच, म्हणून सोमवार ते गुरुवार तिच्याजवळ राहायला तिने आपल्या आईला बोलावून घेतलं. जाताना फ्रिजवर तिचा शाखेचा नंबर, सईच्या डॉक्टरचा नंबर आणि गॅसवाल्याचा नंबर लावून गेली. मुलुंडला राहून इतकी वर्षं झाली, पण गॅसवाल्याचं नाव मला तेव्हा कळलं.

शुक्रवारी मी घरी असतो. सई शाळेतून येते, दप्तर टाकते आणि मला बघून आता दचकत नाही. सुरुवातीला दचकायची. माझ्या हातच्या आमटीला ती 'इमर्जन्सी लँडिंग' म्हणते. रोस्टर अजून फ्रिजवर लागतं. ती रंगवत नाही. परवा त्यावर नजर टाकून म्हणाली, "तुझं रोस्टर किती बोरिंग झालंय, बाबा. सगळे महिने सेम." मला ते फार आवडलं.

मंगळवारी माझी जळगाव असते. विमान पंचवीस मिनिटांत परत फिरतं आणि बँकेची शाखा गावात आहे. वंदना एकदाच विमानतळावर आली होती. जाळीच्या पलीकडे उभी राहिली. मी कॉकपिटच्या खिडकीतून हात केला. तिने हात वर केला, तेवढ्यात तिला शाखेतून फोन आला आणि ती बोलत बोलत रिक्षाकडे वळली. माझा लोडर मित्र म्हणाला, "म्याडमला काम दिसतंय." आहेच. ती मॅनेजर आहे.

शनिवार-रविवार ती बहुतेक येते. मागच्या शुक्रवारी तिचा फोन आला.

"या वीकेंडला नाही जमत," ती म्हणाली. "ऑडिट आहे."

"बरं," मी म्हणालो.

हे वाक्य मी ओळखतो. त्याचा सूर, त्यातली घाई, त्यातलं न विचारण्याचं आमंत्रण. सतरा वर्षं मी ते वेगळ्या शब्दांत बोललो होतो. ऑडिट खरंच असेल. नसेलही. विचारायचा हक्क माझ्याकडे नव्हता, आणि ही गोष्ट तिलाही माहीत होती. पलीकडे तिच्या खोलीतला पंखा फिरताना ऐकू येत होता.

"ऑडिट सोमवारी आहे," मग ती म्हणाली. "शनिवारी मला नुसतं झोपायचंय. एकटीला. दमलेय मी."

"झोप," मी म्हणालो. "सईला सांगतो."

"काय सांगशील?"

"आईला झोपायचंय म्हणून."

ती हसली. या वेळी मला ऐकू येईल असं.

अनुभवातून काय शिकलास असं नवीन पोरं विचारतात, तेव्हा मी धुकं, इंधन, आडवा वारा असलं काहीतरी सांगतो. हे सांगत नाही. पण वंदनाने फोनवर 'मला नुसतं झोपायचंय' हे जे वाक्य उच्चारलं, त्याला पाच सेकंद लागले. त्या पाच सेकंदांचं काम मी सतरा वर्षं रोस्टरकडून करून घेत होतो.